डेव्हिड ट्रिंबल : धाडसी नेता की उशिरा शहाणा झालेला?

पश्चिमवारा : उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावं म्हणणारे ते युनियनिस्ट. त्यांच्यातल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते ट्रिंबल, मूळचे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले कायद्याचे व्याख्याते. १० एप्रिल १९९८, गुड फ्रायडे. तिथला प्रोटेस्टंट-कॅथलिक हिंसाचार थांबवणाऱ्या शांतता कराराचा मसुदा हातात आला आणि त्यांच्याच चमूतले जेफ्री डोनाल्डसन उठून निघून गेले. आयर्लंड एक व्हावं म्हणून लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेने शस्त्रं खाली ठेवलेली नसताना सही कशी करायची, हा त्यांचा सवाल होता. ट्रिंबल मात्र थांबले आणि त्यांनी होकार दिला. शत्रूशी बोलण्यापेक्षा आपल्याच माणसांना नको ते सांगणं अवघड असतं. माझ्या मते त्या शतकातला सर्वांत धाडसी युनियनिस्ट हाच.

कातळ : अजिबात पटलं नाही. हा माणूस नेता कशामुळे झाला? जुलै १९९५ मध्ये पोर्टाडाउनच्या गार्व्हाघी रोडवरून, म्हणजे कॅथलिक वस्तीतून, ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेचा मोर्चा नेला. शेवटी कट्टर युनियनिस्ट नेते इयन पेस्ली आणि ट्रिंबल हातात हात घालून, ते हात वर उंचावून चालले. दारं बंद करून आत बसलेल्यांना ते कसं दिसलं असेल? दोनच महिन्यांनी ट्रिंबल पक्षाचे नेते! आधी आग पेटवायची, मग विझवल्याचं नोबेल घ्यायचं. खरं काम नोबेलचे दुसरे मानकरी, कॅथलिकांचे मवाळ नेते जॉन ह्यूम यांचं, तेही कित्येक वर्षांचं.

सायली_क : ह्यूम यांच्याबद्दल १०० टक्के सहमत. पण कातळ, ज्या लोकांनी ट्रिंबलना गार्व्हाघी रोडच्या मोर्चानंतर डोक्यावर घेतलं, त्यांनाच करारासाठी वळवायला दुसरं कोण गेलं असतं? मवाळ माणसाचं त्यांनी ऐकलंच नसतं. मे १९९८ च्या सार्वमतात ७१ टक्के होकार मिळाला, त्यात युनियनिस्टांची मतं ट्रिंबल यांच्यामुळेच आली.

जुनाखांब : सामान्य युनियनिस्ट मतदाराचंही कुणीतरी मांडा. ज्यांच्या घरातलं माणूस हिंसाचारात गेलं, त्यांनी करारानुसार दोन वर्षांत सशस्त्र संघटनांचे चारशेच्या वर कैदी सुटताना पाहिले. आयआरएची शस्त्रं पूर्ण निकामी व्हायला सप्टेंबर २००५ उजाडलं. तोवर ट्रिंबल स्वतःच्या अपर बॅन मतदारसंघात पडले होते. १९९७ ला पक्षाचे १० खासदार होते, २००५ ला उरला एक. हा राग मला तरी खोटा वाटत नाही.

पश्चिमवारा : म्हणूनच म्हणतो, किंमत त्यांनी मोजली. २००७ मध्ये पेस्ली एकेकाळचे आयआरए नेते मार्टिन मॅकगिनेस यांच्याबरोबर सरकारात बसले ते याच कराराच्या पायावर, आणि करारानंतर त्याच पेस्लींनी ट्रिंबलना गद्दार ठरवलं होतं. आणि ओस्लोत नोबेल घेताना ट्रिंबल म्हणालेच होते की युनियनिस्टांनी घर भक्कम बांधलं, पण कॅथलिकांसाठी ते थंड होतं. त्यांच्या आधी एवढ्या मोठ्या युनियनिस्ट नेत्याने हे असं उघड कबूल केल्याचं मला तरी आठवत नाही.

कातळ : ते वाक्य मोठं आहे, मान्य. राजकीय किंमत मोजली, हेही मान्य. पण ते वाक्य तीन वर्षं आधी, त्या रस्त्यावर उभं राहून म्हणायला हवं होतं. तिथल्या लोकांना नोबेलचं भाषण ऐकून काय मिळालं?