मुलांच्या कार्ड-लीगमध्ये घरची कार्डं चालू द्यावीत का?

विश्रामबागवाला (धागाकर्ता)

सांगलीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मुलांची पोकेमॉन कार्डांची लीग भरते. पहिलीपासून आठवीपर्यंतची पोरं. विश्रामबागेतली जास्त, पण मिरजेहून आणि माधवनगरहूनही काही येतात. दिवाळीनंतरच्या सत्राचे नियम ठरवायचेत आणि पालकांच्या ग्रुपवर एकाच मुद्द्यावरून दोन तट पडलेत. तिथे आता फक्त अंगठे आणि टोमणे चालू आहेत, म्हणून इथे मांडतोय.

माझं मत सरळ आहे. लीगच्या वेळात घरून कार्डं आणायला बंदी हवी. वर्गणी काढून लीगनेच आठ-दहा तयार डेक घ्यावेत, चिठ्ठ्या टाकून वाटावेत, खेळ संपला की परत डब्यात.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येकाकडे ६० कार्डांचा डेक असतो. एका नावाची जास्तीत जास्त ४ कार्डं, फक्त मूळ एनर्जी, म्हणजे हल्ल्याला लागणारी शक्ती देणारी कार्डं, कितीही. सुरुवातीला हातात ७ कार्डं आणि बाजूला ६ पालथी, ती बक्षिसाची. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की त्यातलं एक उचलायचं, भारी कार्ड पाडलं तर दोन किंवा तीन. ज्याची सहाही आधी उचलून होतील तो साधारणपणे जिंकला.

नियम सगळ्यांना सारखे, खिसे मात्र सारखे नाहीत. एकाच्या मामाने सिंगापूरहून सीलबंद डबा आणलेला असतो. दुसऱ्याकडे खेळण्यांच्या दुकानातलं ते सोनेरी प्लॅस्टिकचं पाकीट, म्हणजे नकली. असे दोघं समोरासमोर बसले की सात मिनिटांत निकाल लागतो, आणि हरलेल्याला कळतं की आपण खेळून हरलो नाही.

दुसरं म्हणजे अदलाबदल. तिसरीतल्या एकाने स्वतःचं अस्सल चारिझार्ड, म्हणजे मोठ्या मागणीचं कार्ड, देऊन तीन चकचकीत नकली कार्डं घेतली आणि खुशीत घरी गेला. संध्याकाळी दोन्ही घरचे लोक जिन्यात. तो सौदा उलटवायला आम्हाला जेवढा वेळ लागला तेवढ्यात पोरांचा अख्खा राउंड झाला असता.

डेकवाला मिरजकर

काका, मी अकरावीत आहे आणि तुमच्या लीगला पंच म्हणून येतो, म्हणून स्पष्टच लिहितो. घरची कार्डं बंद केलीत तर ती लीग राहणार नाही, उन्हाळी शिबिर होईल.

डेक बांधणं म्हणजे निम्मा खेळ आहे. सोपं उदाहरण घ्या. पहिल्या सात कार्डांत एकही बेसिक पोकेमॉन, म्हणजे थेट मैदानात उतरवता येणारा, नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसावं लागतं आणि समोरच्याला एक कार्ड जास्त उचलता येतं. ६० मध्ये ४ बेसिक ठेवले तर दहातल्या सहा वेळा हात रिकामा येतो. ८ ठेवले तर तीनातून एकदा. १२ ठेवले तर पाचातून एकदा. पण बेसिक वाढवले की एनर्जीला आणि ट्रेनर, म्हणजे मदतीच्या कार्डांना जागा उरत नाही. सातवीतला पोरगा हे गणित कुणी न सांगता वहीत मांडतो, कारण कार्डं त्याची असतात. लीगचा डेक हातात दिला की तो फक्त खेळणार, विचार दुसऱ्याच कुणीतरी आधी करून ठेवलेला.

आणि भारी कार्ड म्हणजे जिंकणारं कार्ड हा पालकांचा गैरसमज आहे. ज्याची किंमत चढते ते बऱ्याचदा त्याच्यावरच्या चित्रामुळे. तेच कार्ड साध्या छपाईत स्वस्तात मिळतं, मजकूर तोच आणि ताकदही तीच.

जुना प्यादा

सांगलीत बसून हा प्रश्न पडावा याचंच नवल वाटतं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या गावात नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, जिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरगावची पोरं पट घेऊन उतरतात, त्या गावात मुलांना डोकं चालवायला शिकवायचं तर जपानी राक्षसांची चित्रं कशाला? लाकडी मोहरे एकदा घेतले की नातवंडांपर्यंत पुरतात. तुमच्या कार्डांचा नवा संच दर काही महिन्यांनी येतो आणि अधिकृत स्पर्धेत जुनी कार्डं ठरावीक काळाने बाद होतात. हे मी माझ्या नातवाकडूनच ऐकलं. म्हणजे खेळाडू तयार होत नाही, गिऱ्हाईक तयार होतं.

घरची कार्डं की लीगची, हा वाद मला गौण वाटतो. दुकान बाहेर असलं काय आणि हॉलमध्ये असलं काय.

शाळेतल्या बाई

जुना प्यादा काका, तुमचा मान राखून उलट बोलते. माझी मुलगी दोन वर्षं बुद्धिबळाला जात होती. शिकवणारे उत्तम होते. पण तिच्या बॅचमध्ये दोन मुलं अशी होती की ती त्यांच्याशी दर वेळी हरायची. पटावर नशीब नसतं, म्हणून कच्च्याला पक्क्याविरुद्ध जिंकायची संधी जवळपास नसतेच. मोठ्या माणसाला ते पटतं, आठ वर्षांच्या पोरीला नाही. कार्डांत पिसलेला गठ्ठा असतो. चांगला खेळणारा जास्त वेळा जिंकतो, पण प्रत्येक वेळी नाही. मधूनच एखादी चिमुरडी आठवीतल्या दादाला पाडते आणि पुढचे चार रविवार न चुकता येते. नशिबाचा हा वाटा मुलांच्या खेळात मला दोष वाटत नाही.

मूळ प्रश्नाबद्दल: मी विश्रामबागवाल्यांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. मी मराठी शाळेत शिकवते. कार्डावरचा मजकूर सगळा इंग्रजी, तोही बारीक अक्षरात आणि अटी-शर्तींचा. ‘ही चाल वापरल्यास पुढच्या पाळीत हल्ला करता येणार नाही’ अशी वाक्यं माझ्या वर्गातल्या मुलांना वाचता येत नाहीत, आणि ती समोरच्याच्या शब्दावर विसंबून खेळतात. इंग्रजी शाळेतली मुलं मुद्दाम फसवतात असं नाही, पण जे कार्ड आपल्या सोयीचं नाही ते नीट वाचलंही जात नाही. लीगचे आठ डेक ठरलेले असतील तर त्या आठांचे मराठी तक्ते मी करून देते. कुठलंही कार्ड कुठूनही येणार असेल तर मी किती तक्ते करू?

भडंगप्रेमी

मोठ्यांचा गट कधी काढताय? भडंग मी आणतो.

डेकवाला मिरजकर

भडंग हॉलच्या बाहेर. मागे एकाने तेलकट बोटांनी माझं होलो, म्हणजे चकचकीत छपाईचं कार्ड उचललं होतं, वर प्लॅस्टिकची स्लीव्ह नसती तर गेलंच होतं.

बाई, तक्त्याचा मुद्दा मान्य. पण त्यावर बंदी हा उपाय नाही, पंच हा उपाय आहे. शंका आली की हात वर करायचा, मी येऊन वाचून दाखवतो.

शाळेतल्या बाई

शंका येण्यासाठी आधी थोडं तरी कळावं लागतं ना रे बाळा.

काळा कोट

कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी, कारण ग्रुपवर कुणीतरी ‘हा जुगारच आहे’ असं लिहून मोकळं झालंय.

आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्यातलं कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळतं. मुलं मांडी घालून पत्ते खेळली म्हणून कुणी पोलीस पाठवत नाही. पण प्रवेश फी घेऊन तीच रक्कम विजेत्याला वाटली की भानगड सुरू होते, तेव्हा तेवढं करू नका. वर्गणी डेकसाठी आणि चहासाठी, बक्षीस सगळ्यांना.

खरी शंका खेळाबद्दल नाहीच, बंद पाकिटाबद्दल आहे. आत काय निघेल ते माहीत नसताना पैसे द्यायचे आणि दुर्मिळ निघालं तर ते कैक पटीने विकलं जाणार. १९९९ मध्ये अमेरिकेत काही पालक नेमकी हीच तक्रार घेऊन कोर्टात गेले होते. आणि या जातीच्या खेळांचा जो पहिला मोठा अवतार, रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाचा १९९३ चा मॅजिक, त्यात सुरुवातीला प्रत्येक डावात एकेक पत्ता पैजेला लावायचा नियमच होता. जिंकणारा तो घेऊन जायचा. पुढे तो नियम सोडून देण्यात आला.

माझं म्हणणं एवढंच: मुलांनी घरची कार्डं आणली तर आणू द्या, पण हॉलमध्ये पाकीट फोडायचं नाही आणि पैज लावायची नाही. बंदी घालायचीच तर या दोन गोष्टींवर घाला.

विश्रामबागवाला

वकीलसाहेब, पाकीट फोडणं आम्ही आधीच बंद केलंय. पण डेकवाल्याच्या गणिताला उत्तर द्यायला हवं.

भावा, तू सांगतोस ते बारा बेसिकचं गणित वहीत मांडणारा पोरगा मलाही माहिती आहे. तो एकटा आहे. बाकीची पोरं हातात जेवढी कार्डं आहेत तेवढी एकत्र करतात आणि त्याला डेक म्हणतात. तुझ्यासारख्याला डेक बांधायला कपाटभर कार्डं लागतात. ज्याच्याकडे एकूण सत्तरच आहेत तो काय निवडणार, दहा काढून ठेवणार एवढंच.

म्हणून असं सुचवतो. तयार डेक लीगचे, पण सोबत लीगचाच एक सुटा डबाही ठेवू. ज्याने महिनाभर तोच डेक खेळलाय त्याने डब्यातून बारा कार्डं बदलावीत. सगळ्यांना निवडायला कार्डं तीच, त्यामुळे डोकं कुणाचं चालतं ते दिसेल.

डेकवाला मिरजकर

बारा कमी आहेत. वीस करा. आणि डब्यात टाकायला माझी जुनी कार्डं देतो, पण तीही लोकांनी ‘घरची’ म्हणू नयेत!

हरिपूरची आई

मी दुसऱ्या तटातली. माझ्या मुलाने वाढदिवसाचे, बक्षिसाचे, आजीने हातात ठेवलेले पैसे साठवून डेक केलाय. तो फार बोलत नाही, शाळेतही एकटाच असतो. रविवारी फाइल उघडून कार्डं दाखवताना मात्र त्याच्याभोवती घोळका जमतो. तुम्ही समानतेच्या नावाखाली नेमकं तेच काढून घेताय. सगळ्यांना सारखा गणवेश घालायला ही काय शाळा आहे? त्याला स्वतःची कार्डं आणता येणार नसतील तर तो येणार नाही, मी सांगूनही येणार नाही.

आणि नकली कार्डांचं काय करणार ते कुणीच बोलत नाहीये.

डेकवाला मिरजकर

नकली ओळखणं सोपं आहे. मागची निळी छटा वेगळी असते, स्पेलिंग चुकलेलं असतं, आकडे कायच्या काय असतात. अगदीच शंका असेल तर एखादं फाटकं कार्ड कडेने बघायचं, अस्सलच्या दोन थरांमध्ये काळी रेघ दिसते. दारातच तपासून बाजूला काढू.

शाळेतल्या बाई

दारात? सगळ्यांसमोर? ज्या पोराच्या वडिलांनी हमालीच्या पैशातून ते सोनेरी पाकीट आणलं, त्याला तू रांगेत उभं करून सांगणार की तुझं खोटं आहे? माझ्या वर्गातला मुलगा पुन्हा त्या जिन्यात पाऊल टाकणार नाही.

डेकवाला मिरजकर

पण बाई, त्यातल्या एखाद्या कार्डावर ताकदच हजारावर छापलेली असते. समोरच्याने काय करायचं? खेळच मोडतो.

विश्रामबागवाला

म्हणूनच लीगचे डेक म्हणतोय. सगळ्यांच्या हातात लीगची कार्डं असली की कुणाचं खरं, कुणाचं खोटं हे तपासायची वेळच येत नाही.

हरिपूरच्या ताई, तुमच्या मुलाचा मुद्दा मनाला लागला. खेळ साडेअकराला संपतो. त्यानंतर अर्धा तास फाइली उघडायच्या, कार्डं दाखवायची. फक्त दाखवायची. अदलाबदल करायची तर दोन्हीकडचे पालक समोर हवेत, आणि पुढच्या रविवारपर्यंत कुणालाही सौदा मागे घेता येईल.

हरिपूरची आई

दाखवायला वेळ दिलात हे बरं झालं. पण स्वतःच्या डेकने खेळणं आणि काचेआडच्या वस्तूसारखं दाखवणं यात फरक आहे. महिन्यातला एक रविवार तरी घरच्या डेकचा ठेवा, ज्यांना हवंय ते येतील. मत बदललेलं नाही.

जुना प्यादा

इतकं वाचल्यावर एक विचारतो. जोड्या कशा लावता? नातू म्हणतो, हरला की बाहेर. हे मात्र चुकीचं आहे. पहिल्याच फेरीत हरलेलं पोर उरलेला वेळ काय करणार, तर पळापळ आणि आरडाओरडा. बुद्धिबळात स्विस पद्धत असते, १८९५ पासून, झुरिकच्या स्पर्धेपासून चालत आलेली. कुणी बाद होत नाही. ज्यांचे गुण सारखे त्यांची पुढची जोडी, आणि तीच जोडी पुन्हा लावायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून कच्चा कच्च्यासमोर येतो, पक्का पक्क्यासमोर.

जोड्या मी लावून देईन, वही-पेन्सिल घेऊन. कार्डांबद्दलचं मत कायम आहे.

डेकवाला मिरजकर

आजोबा, अधिकृत कार्ड-स्पर्धांतही स्विसच असते. पोरं कमी होती म्हणून आम्ही बादफेरी घ्यायचो. या रविवारी या, वही मी आणतो.

काळा कोट

जोड्यांपेक्षा मोठा उपद्रव खुर्चीमागे उभ्या राहणाऱ्या पालकांचा. ‘ते नको, हे टाक’ चालू असतं. खेळताना पालक हॉलबाहेर, हा नियम पहिल्या ओळीत लिहा.

विश्रामबागवाला

लिहिला. डेकचे दर पुण्यातल्या दोन दुकानांतून मागवतोय. महिन्यातल्या एका ‘घरच्या’ रविवारचं ग्रुपवर मतदान घेऊ. माझं मत विरोधात असेल, कारण त्या एका रविवारी तोच सिंगापूरचा डबा टेबलावर येणार.

डेकवाला मिरजकर

माझं बाजूने. आणि एक लिहून ठेवा: आत अदलाबदलीवर एवढी बंधनं घातलीत की सगळे सौदे गेटबाहेर सुरू होतील.

शाळेतल्या बाई

गेटबाहेर पालक असतात, काळजी करू नकोस.

डेकवाला मिरजकर

बाई, परवा गेटबाहेर सगळ्यात जोरात सौदा चालला होता तो दोन बाबांचाच.