अनुभव धागा : गावातला ‘साहेब’ थकतो तेव्हा

शेतकऱ्याच्या घरात कुणी गप्प गप्प राहू लागलं, तर आता आशाताईच्या लक्षात येतं, शेजारी चौकशी करतात. विदर्भाने हे फार मोठी किंमत मोजून शिकून घेतलं आहे. त्याच गावात बँकेचा मॅनेजर असतो, कापसाच्या जिनिंग कारखान्याचा मॅनेजर असतो, आरोग्य केंद्राचे डॉक्टर असतात. वरून टार्गेट, समोर रांग, हाताखाली अपुरी माणसं. त्यांना मात्र कुणी विचारत नाही, कारण साहेबाला काय धाड भरली आहे!

मला त्यांचे अनुभव हवे आहेत. झोप, चिडचिड, रजा, घर, औषधं, जे सांगावंसं वाटेल ते. बँकेचं, कंपनीचं, माणसाचं नाव नको. ज्यांनी मदत घेतली त्यांनी ती कुठे मिळाली हे जरूर लिहा. तेच आपल्याकडे कुणाला ठाऊक नसतं.

पांढरकवड्याकडचा
बँकेची ग्रामीण शाखा. घर नागपूरला, इथे एकटा राहतो. आमचं वर्ष एप्रिलपासून तापतं. खरिपाचं पीककर्ज पेरणीआधी वाटायचं आणि रोज संध्याकाळी आकडा वर कळवायचा. जुनं भरल्याशिवाय नवं देता येत नाही, आणि कर्जमाफीची नुसती कुणकुण लागली तरी भरणा थांबतो. यात शेतकऱ्याचा दोष नाही. २०१७ आणि २०१९ च्या दोन माफ्या त्याने पाहिल्या आहेत, तो वाट बघणारच. पण थकबाकी माझ्या शाखेच्या नावावर चढते. सकाळी समोरचा म्हणतो, ‘सायेब, बियाण्याले पैसे नायी, पाऊस येऊन राह्यला.’ रात्री व्हिडिओ मीटिंगमध्ये वरचे विचारतात, वसुली का नाही? दोघांनाही द्यायला माझ्याकडे उत्तर नसतं.

२०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेसाठी खात्याला आधार जोडायला बाया लेकरं घेऊन सकाळपासून शटरसमोर बसायच्या. कॅशियर एक, क्लार्क एक. ती गर्दी पाहिली की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. ईसीजी काढला, नॉर्मल निघाला. रात्री तीनला जाग येते आणि उजाडेपर्यंत थकून एनपीए झालेली कर्जखाती डोळ्यांसमोरून सरकतात. आताशा ग्राहक बोलत असतो, ओठ हलताना दिसतात, डोक्यात काही शिरत नाही. वर सांगितलं तर बदली होईल, तीही आणखी आडगावी. म्हणून सांगितलेलं नाही.

जिनिंगवाला, हिंगणघाट पट्टा
आमचा सीझन दिवाळीपासून होळीपर्यंत. सरकारी खरेदीला ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत लागतो. त्यापेक्षा ओला कापूस घेऊन आलेला माणूस रात्रभर गाडीखाली झोपलेला असतो. त्याला नाही म्हणायला मालक येत नाही, मी जातो. वरून आगीची धास्ती. रुईत ठिणगी गेली की आतल्या आत धुमसत राहते. सीझनभर मला झोपेतही जळका वास येतो, उठून आवारात चक्कर मारतो. हे कोणापाशी बोलावं, असं मनातही आलं नव्हतं राजेहो. पहिल्यांदाच लिहून राहिलो.

वणीकडची
आमचे हे कोळसा खाणीत मॅनेजर आहेत. १९५२ च्या खाण कायद्याने खाणीच्या सुरक्षिततेची जबाबदारी मॅनेजरच्या अंगावर टाकली आहे, त्यामुळे फोन कायम उशाशी. मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू असताना हे उठून बाहेर गेले आणि गाडीत बसून राहिले. फोन आला नव्हता. विचारलं तर म्हणाले, ‘आत सगळे हसत होते, ते सहन होईना.’ ठराविक मुदतीने यांची छाती, कान, बीपी तपासतात. झोप लागते का, एवढंही कुणी विचारत नाही.

गडचिरोलीतली एमओ (आरोग्य केंद्राची वैद्यकीय अधिकारी)
पावसाळ्यात मलेरिया, नाल्यापलीकडची गावं तुटलेली. मीच डॉक्टर आणि मीच प्रशासक. औषधांचा साठा, गाडीचं डिझेल, कंत्राटी नर्सचा अडकलेला पगार, सगळं माझ्या सहीवर. हळूहळू बाळंतपण करतानाही मला काही वाटेनासं झालं. बाळ रडलं, आई हसली, मी रजिस्टर भरलं. याची मला भीती वाटली.

मला सावरलं एका वरिष्ठ मॅडमनी. त्यांनी आधी दुसऱ्या केंद्रातून डॉक्टर पाठवला आणि मग फोन केला, ‘चार्ज दे, घरी जा, फोन बंद ठेव.’ रजा मंजूर करणं वेगळं आणि जागेवर माणूस देणं वेगळं. माणूस दिला नाही तर रजेतही फोन वाजतच राहतो. योगशिबिर, प्रेरणादायी व्याख्यान असलं काही आम्हाला नको. माणूस द्या.

मायक्रोफायनान्स सोडलेला, अमरावती
छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीची शाखा सांभाळायचो. हप्ते थकले की माझ्या हाताखालची वसुलीची पोरं कर्जदारांच्या मीटिंगहून रडवेली परत यायची आणि मी त्यांना उद्या पुन्हा पाठवायचो, कारण माझ्यावरही तोच दट्ट्या होता. बायकोने १४४१६ ही हेल्पलाइन लावून फोन हातात दिला. मराठीत बोलणारी बाई होती. तिने मध्ये न तोडता ऐकलं, नंतर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जायला सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, झोप परत आली. नोकरी नंतर सोडली, झोप आल्यावर.

समुपदेशक, वर्धा जिल्हा
१४४१६ म्हणजे केंद्र सरकारची टेली-मानस सेवा. २०२२ च्या जागतिक मानसिक आरोग्य दिनी, १० ऑक्टोबरला ती सुरू झाली. फुकट आहे, दिवसरात्र चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. त्यात तीन गोष्टी येतात. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या जागी न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. म्हणून एकट्या माणसाला ‘खंबीर हो’ सांगून भागत नाही, कामाची मांडणी बदलावी लागते. पण झोप उडणं, घरातल्या आनंदातही मन न लागणं हे आठवडेच्या आठवडे चाललं, किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर ते डॉक्टरांनाच दाखवायला हवं. आपल्याकडे सेवाग्राम, सावंगीला मानसोपचार विभाग आहेत, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. वणीच्या ताई, तुम्ही सोबत जा. पुरुष एकटे निघत नाहीत.

पांढरकवड्याकडचा
सगळं वाचलं. यवतमाळला जाऊन येतो. एकच विचारायचं होतं, रजेच्या अर्जात कारण काय लिहू?

समुपदेशक, वर्धा जिल्हा
‘वैद्यकीय कारणास्तव’ एवढं लिहा आणि प्रमाणपत्र जोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तुमच्या संमतीशिवाय डॉक्टर ऑफिसला उपचारांची माहिती देणार नाहीत. आणि अर्ज देतानाच चार्ज कुणाकडे, ते लेखी मागून घ्या. एमओ मॅडम म्हणतात ते खरं आहे.