ड्युमाचे मस्केटियर्स: मधलं काही राहिलंय का माझं?

कल्याण_स्लो
फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर 'द मॅन इन द आयर्न मास्क' ऐंशी रुपयांना मिळालं. शाळेत असताना ड्युमा या फ्रेंच कादंबरीकाराच्या 'थ्री मस्केटियर्स'ची छोटी आवृत्ती वाचलेली, म्हणून हौसेने उचललं. पण माझ्या प्रतीत पहिल्याच प्रकरणात त्या मस्केटियर्सपैकी अरामिस बास्तीयच्या तुरुंगात एका कैद्याला भेटतोय. अरामिस बिशप कधी झाला? राउल कोण, आणि त्याच्यासाठी सगळे एवढे का हळहळतायत? शंभर पानं रेटली, आता पुस्तक डब्याच्या पिशवीत पडून आहे.

साखरभात
अहो, तुम्ही लग्नाला थेट पाठवणीच्या वेळी पोचलात!

निवांत_७१
तुमच्या हातात आहे ते स्वतंत्र पुस्तक नाहीच, तिसऱ्या कादंबरीचं शेपूट आहे. मूळ कादंबऱ्या तीन. 'थ्री मस्केटियर्स' १८४४ची, 'ट्वेंटी इयर्स आफ्टर' १८४५ची, आणि 'ब्राजलोनचा व्हायकाउंट' १८४७ ते १८५० अशी 'ल सिएक्ल' या वर्तमानपत्रात क्रमशः आलेली. या तिसरीची प्रकरणं अडीचशेच्या वर. एवढं बाड एका बांधणीत मावेना, म्हणून इंग्रजीत त्याचे तीन-चार, कधी पाच खंड करतात. शेवटच्याचं नाव 'आयर्न मास्क'.

मीही फसलोय. चार खंडांच्या आवृत्तीत एकाचं नाव 'टेन इयर्स लेटर' असतं. तेव्हा बँकेत कारकून होतो. दहा आधी, वीस नंतर, या हिशेबाने वाचनालयातून तेच आधी आणलं. ते 'वीस'च्याही पुढचे दहा, हे कळेपर्यंत आठवडा गेला आणि दंडही भरला.

दुसरी कादंबरी मात्र सोडू नका. माझ्या मते तिन्हींत तीच सरस. पहिलीत दार्तान्यां, आथोस, पोर्थोस आणि अरामिस हे चौघे एकमेकांसाठी जीव टाकतात, पण तरुणपणी ते सोपं असतं. इथे वय झालेलं. १६४८ साली पॅरिसमध्ये फ्रोंद नावाची, राजसत्तेविरुद्धची बंडाळी. दार्तान्यां आणि पोर्थोस फ्रान्सचा कारभार हाकणाऱ्या कार्डिनल माझारांच्या चाकरीत, आथोस आणि अरामिस विरुद्ध गोटात. (पोर्थोसला राजकारणाचं काही पडलेलं नाही. तीन-तीन जहागिरी आहेत, त्याला फक्त बॅरन व्हायचंय.) मग एका रात्री चौघे प्लास रोयालच्या चौकात भेटतात, सगळे हत्यारबंद, आणि शब्दाला शब्द लागत जातो. तेवढ्यात आथोस स्वतःची तलवार गुडघ्यावर मोडतो आणि अरामिसला म्हणतो, तूही मोड. अरामिस क्षणभर घुटमळतो. मला सगळा अरामिस त्या घुटमळण्यात दिसतो. त्याचा पुढे बिशप कसा झाला, याचं नवल मग वाटत नाही.

साखरभात
तिसरीचा मधला भाग जड जातो हे मान्य. चौदाव्या लुईचा दरबार, त्याची प्रेयसी लुईज द ला व्हालिएर, चिठ्ठ्याचपाट्या, आणि दार्तान्यां कित्येक पानं दिसतच नाही. मी तिथे दोनदा पुस्तक मिटलं. पण दार्तान्यांचा जुना नोकर प्लांशे, त्याच्या किराणा दुकानाचं प्रकरण चुकवू नका. पोर्थोस आत शिरतो, दाताने अक्रोड फोडत टरफलं जमिनीवर टाकतो, आणि मनुकांचा घोस देठावरून ओठांनी ओढून अर्धा पौंड एका घोटात गट्ट करतो. दुकानातली पोरं भेदरून बघत राहतात. आमच्या वाण्याकडे उभी असले की हे आठवून हसू येतं.

पानगळ
भाषांतर बघून घ्या. पहिल्या कादंबरीच्या स्वस्त प्रतींत बहुधा विल्यम बॅरोचं १८४६चं असतं. त्यातल्या खलनायिकेच्या, मिलेडीच्या, शयनगृहातले प्रसंग त्यात सोवळे करून टाकलेत. रिचर्ड पीव्हियरचं २००६चं जास्त मोकळं आहे, पण ते फक्त पहिल्या कादंबरीचं.

कल्याण_स्लो
आभार मंडळी. शनिवारी 'ट्वेंटी इयर्स' शोधायला जातो. एकच घोळ झालाय. माझ्या प्रतीच्या मागच्या कव्हरवर शेवटी कोण मरतं ते छापलंय, आणि मी ते वाचून बसलोय.

निवांत_७१
विसरा. आणि पुस्तकाला शाळेसारखं ब्राउन पेपरचं कव्हर घाला.