पावसाळाभर बंद घरात राहणारी दुर्बीण: ओलावा आणि बुरशी कशी टाळावी?

प्रश्न : दांडियाबाजारकर

बडोद्यात आमच्या जुन्या घरी आठ इंची न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण डॉब्सोनियन, म्हणजे जमिनीवर ठेवायच्या साध्या फिरत्या, बैठकीवर आहे. मेच्या अखेरीस आम्ही दोघे मुलीकडे जाणार असून दिवाळीनंतर परतू, म्हणजे अख्खा पावसाळा घर बंद राहील. गेल्या वर्षी केवळ दोन महिने न उघडलेल्या २५ मिमीच्या नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) टॉर्च मारून पाहिले, तेव्हा कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले. ती कातडी पाकिटात ठेवली होती आणि सोबत नव्या बुटांच्या खोक्यातली, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडीही टाकली होती. आरसा अजून स्वच्छ आहे. कपाटात डांबरगोळ्या ठेवाव्यात, असे घरातून सुचवले जात आहे. पाच महिने कोणाचा हात लागणार नसेल, तर काय व्यवस्था करावी?

उत्तर : मांजलपूरकर

आपल्या नेत्रिकेचा घात बहुधा त्या पाकिटानेच केला. कातडे ओलावा धरून ठेवते आणि बुरशीला खाद्यही पुरवते. आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, हवा कोंडलेली असली आणि काचेवर धूळ किंवा बोटाचा ठसा असला की तिला आणखी काही लागत नाही. तिच्यातून पाझरणारे आम्ल काचेवरचा लेप खाते आणि पुढे काचही. त्यामुळे तंतू पुसून निघाले तरी काही वेळा त्यांची नक्षी कायम राहते.

नेत्रिका, बार्लो (प्रतिमा मोठी करणारे जोडभिंग) आणि शोधक दुर्बीण (नेम धरण्याची छोटी दुर्बीण) रबरी कड असलेल्या हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावीत, हे तर खरेच. पण जेल किती ठेवायचे, याचा थोडा हिशेब करून पाहा. ३० अंश सेल्सिअसला ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते, म्हणजे ६० लिटरच्या डब्यातील हवेत जेमतेम दीड ग्रॅम पाणी. तेवढ्यासाठी मूठभर जेलही पुरे. खरे पाणी येते ते पुठ्ठा, लाकूड, सुती फडकी यांतून आणि झाकणाच्या फटीतून, महिनोन्‌महिने. म्हणून पुठ्ठ्याची खोकी व पाकिटे डब्याबाहेर काढा आणि अर्धा किलो जेल कापडी पिशवीत बांधून ठेवा. ४० टक्के आर्द्रतेला ते आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके पाणी धरते, म्हणजे शंभर ग्रॅमची शिल्लक हाताशी राहते. जेल सुटे ओतू नका; त्याची भुकटी काचेवर ओरखडे पाडते.

भरण्यापूर्वी जेल ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून घ्यावे. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते, तेव्हा स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नयेत. नारिंगी मिळाले तर उत्तम.

शक्य असल्यास डबा एप्रिलच्या कोरड्या दुपारी बंद करा. चाळीस अंशांना २५ टक्के आर्द्रतेची कोंडलेली हवा पावसाळ्यात २७ अंशांवर उतरली की तिचीच आर्द्रता पन्नासच्या आसपास जाते. तरीही जुलैत कोंडलेल्या हवेच्या मानाने तिच्यात पाणी निम्मेच.

उत्तर : विश्वामित्रीकाठी

वरील हिशेब पटला. मात्र सव्वा मीटर लांबीची नळी कोणत्या डब्यात मावणार? पुष्कळजण ती प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळतात. मला ते धोक्याचे वाटते, कारण आत अडकलेली दमट हवा रात्री गार झाली की तिच्यातले पाणी आरशावरच बसू शकते. माझा सल्ला असा की, मुख्य आरसा त्याच्या बैठकीसकट (नळीच्या तळाशी त्याला धरणाऱ्या चौकटीसकट) काढून वेगळ्या हवाबंद डब्यात जेलसह ठेवावा आणि नळीच्या दोन्ही तोंडांना फक्त सुती कापड बांधावे. परतल्यावर आरसे पुन्हा जुळवावे लागतील. त्यात एक संध्याकाळ जाईल, एवढेच.

आणखी एक गोष्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या तळमजल्यावर शिरले, तेव्हा जेलच्या पिशव्या पाण्यावर तरंगत होत्या. सामान वरच्या मजल्यावर, बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवा. डॉब्सोनियनची बैठक दाबीव भुशाच्या फळीची असेल, तर तिच्याखाली विटा द्या. तळातून ओल लागली की ती फळी फुगते आणि पुन्हा बसत नाही.

उत्तर : ध्रुवतारा

डांबरगोळ्या मुळीच नकोत. त्यांची वाफ काचेवर व आरशावर बसून पापुद्रा धरू शकते आणि ओलावा तर त्या शोषतच नाहीत. आरसा गार करणाऱ्या पंख्याचे व शोधकाचे सेल काढून ठेवा. पाच महिन्यांत ते गळले तर सारे संपर्कबिंदू गंजतील. आणि बुरशी लागलेली ती २५ मिमीची नेत्रिका बाकीच्यांच्या डब्यात घालू नका.

प्रश्नकर्ता : दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. आरसा काढण्याचे धैर्य होत नव्हते. काल आरशाच्या बैठकीचे सहा स्क्रू सोडवले आणि आरशाची नळीतली दिशा कळावी म्हणून दोन्हींवर पेन्सिलीने खूण केली. डब्याच्या झाकणाला आतून आर्द्रतामापक अडकवला आहे, झाकण पारदर्शक असल्याने आकडा बाहेरून वाचता येतो. काल दुपारी बंद करताना ४४ होता, आज सकाळी ३१. शेजारच्या वहिनी पंधरा दिवसांनी झाडांना पाणी घालायला येतील, तेव्हा त्याचा फोटो पाठवणार आहेत. आकडा पन्नासच्या वर गेला तर पिशवी बदलायची, म्हणून तापवलेल्या जेलची दुसरी पिशवी स्टीलच्या डब्यात बंद करून त्यांच्याकडे दिली आहे.