मदत हवी आहे: आईची सांधेदुखी पसरतेय, आरए फॅक्टर (संधिवाताची रक्ततपासणी) मात्र निगेटिव्ह

आई ५८ वर्षांची, आम्ही गोव्यात वाळपईला राहतो. आठ महिन्यांपूर्वी दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजले, मग मनगटं, आता गुडघे आणि डावा खांदा. सकाळी दीड तास मूठ वळत नाही, दुपारपर्यंत जरा सैल होतं. आदोळीवर (विळीवर) नारळ खवणं तिने कधीच सोडलं, आता पोळपाट-लाटणंही माझ्याकडे आलंय.

दोन डॉक्टर झाले. एकाने वयोमान म्हटलं, दुसऱ्याने गुडघ्याचा एक्स-रे काढून झीज सांगितली. पण झीज एवढ्या भराभर दोन्ही हातांत सारखीच कशी पसरेल, हे मला पटत नाही. ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) वाढलेले, युरिक अ‍ॅसिड नॉर्मल, आरए फॅक्टर निगेटिव्ह. अँटी-सीसीपी ही संधिवाताची दुसरी रक्ततपासणी कोणी सांगितलीच नाही. चिकनगुनिया झालेला नाही, सोरायसिस घरात कोणाला नाही.

मधुमेह आहे, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, त्यामुळे पेनकिलर फार देता येत नाहीत. पॅरासिटामॉल आणि शेक एवढ्यावर चाललंय. घरगुती काढे कृपया सुचवू नका, किडनीची भीती वाटते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा विम्याचं कार्ड आहे.

आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही संधिवाताचं निदान झालेलं कोणी आहे का? ते कोणत्या तपासणीवरून झालं? बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) न्यायचं तर आधी मेडिसिनच्या ओपीडीत दाखवायचं की हाडांच्या? आणि अँटी-सीसीपी व हातांचे एक्स-रे आधीच करून न्यावेत, की तिथल्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबावं?