जुना सीएनजी टेम्पो चढावर झटके मारतो, प्लग घासू की बदलू?

घाटकोपरकर: भाजीच्या धंद्यासाठी भावाने आणि मी जुना टेम्पो घेतलाय. पहाटे वाशी मार्केटातून माल भरून निघालो की खाडीपुलाच्या चढावर गाडी झटके मारते. पेट्रोलवर टाकली की बरीच सुधारते. इंजिनात ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग काढले तर मधला इलेक्ट्रोड (ठिणगीचं टोक) झिजून गोल झालाय, गॅप (ठिणगी उडते ती फट) नुसत्या डोळ्यांनाही मोठा दिसतो. एका प्लगच्या खोबणीत, म्हणजे तो बसतो त्या खोल भोकात, तेल आहे. घासून परत लावले तर चालतील का? गाडी उभी राहिली की त्या दिवसाचा धंदा गेला.

कुर्ल्याचा मेकॅनिक: दादा, घासू नका. चारही नवे टाका. सीएनजी पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. गॅप वाढला की लोडवर ठिणगी पडत नाही. काम थंड इंजिनवरच करा. प्लग बसतो ते इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग ओढला तर आटे निघून येतात आणि खर्च कुठल्या कुठे जातो. आधी हवा मारून खोबणीतली धूळ उडवा. नवा प्लग हातानेच फिरवत बसवा, अडकला तर उलटा फिरवून पुन्हा लावा, पान्याने जोर अजिबात नको. गॅप कंपनीने सीएनजीसाठी दिलाय तेवढाच ठेवा, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघून.

भांडुपवाला: तेल प्लगच्या टोकाला आहे की वर? वर असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) सील गेलंय, तेही बदला.

घाटकोपरकर: वरच आहे, टोक कोरडं आहे. रविवारी दोन्ही करून घेतो.