रस्त्यावरची मांजर, तिची पिल्लं आणि आपण: अनुभव लिहा

रानजाई (नेरूळ)
काल पावसात मीटररूममधून बारीक आवाज आला आणि कोपरखैरण्याची भुरी आठवली. जिन्याखाली जुन्या सायकलींमागे व्यायली होती. चार पिल्लं, डोळे मिटलेले. एक जण ती पोत्यात भरून मैदानात सोडायला निघाला, तर सासूबाई आडव्या उभ्या राहिल्या. "आई खायला गेली असेल, येऊ दे तिला." भुरी दिवेलागणीला आली. पुढे आम्ही पिल्लांना हात न लावता तिलाच खाऊ घातलं. दिवाळे गावच्या मासळी बाजारातली मांदेली, बिनमिठाची उकडून, काटे काढून, थोड्या भातात कालवून. अंगावर पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुपटीहून जास्त लागतं, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा. आईचं पोट भरलं की पिल्लांचं भरतं, हे मी तरी डोळ्यांनी पाहिलंय. तुमचंही लिहा.

सुगरण_वाशी
आमचीने सात घरं फिरवली आणि शेवटी आमच्याच वॉशिंग मशीनमागे आणली! जागा बदलतेय म्हणजे घाबरलीये. सारखं डोकावू नका. खोका आडवा, आत जुनी सुती साडी. कुकर झालाय, येते.

घोडबंदरकर
आमच्याकडे आईच नव्हती, गाडीखाली गेली. गाईचं दूध अजिबात नको, जुलाब होऊन पिल्लं हातची जातात. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तीच. अंग गार असेल तर आधी ऊब द्या, मगच दूध. गरम पाण्याची बाटली पंचात गुंडाळून शेजारी. पालथं ठेवूनच पाजायचं, उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने शी-शूची जागा हलकेच पुसायची, साधारण तीन आठवडे त्यांना आपणहून होत नाही. एक गेलं. दोन बहिणीकडे डोंबिवलीत मजेत आहेत.

रानजाई
अरेरे. रात्री कोण उठायचं?

घोडबंदरकर
बाबा. नुकतेच रिटायर झालेले. स्वयंपाकघरातला वजनकाटा त्यांनीच ताब्यात घेतला, सकाळचं वजन वहीत. दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास वाढलं की दिवसभर खूश.

पाचपाखाडी_आजी
बाबांना नमस्कार सांग रे.

सानपाडा_सई
उरलेलं कालवण चालेल का आईला?

सुगरण_वाशी
नको गं, कांदा-लसूण मांजरांना बाधतो. आणि ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल कधीच नाही, जीव जातो. कुत्र्यांचं पिसवांचं औषधही नको, डॉक्टरांना विचारूनच.

मुलुंडहून_ठाणे
थोडं वेगळं. पावसाळ्यात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. उबेला पिल्लं इंजिनपाशी जाऊन बसतात. आमच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय.

ऐरोली_अनु
कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते, पिल्लं पीत असतानाच आई परत गाभण राहू शकते. नऊ आठवड्यांत पुढची वेत. पिल्लं नीट खायला लागली की तिचं ऑपरेशन करून घ्याच. कानाचं टोक कापलेलं असेल तर झालेलं आहे. आणि सोसायटीत खायला घालण्यावरून भांडणं होत असतील तर २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम दाखवा. खाऊ घालण्याची सोय करणं ही सोसायटीचीच जबाबदारी आहे असं त्यात लिहिलंय.

पाचपाखाडी_आजी
आमच्या सेक्रेटरींना छापून देते. अक्षर मोठं करून.

सानपाडा_सई
अनुताई, आमची हाताला लागतच नाही. पिंजरा आहे का कुणाकडे?

ऐरोली_अनु
माझा आहे. उद्या ऑफिस सुटल्यावर वाशी स्टेशनला देते. झाकायला मोठी चादर आण, अंधार झाला की शांत होतात. डॉक्टरांची वेळ आधी घेऊन ठेव, आणि रात्रीपासून खाणं बंद ठेवायचं का तेही त्यांनाच विचार.

सानपाडा_सई
चालेल ताई. साडेसात?

ऐरोली_अनु
पावणेआठ. ट्रेनचा भरवसा नाही.